मधला शनिवार

७ सप्टेंबर २०२४ला गणेश चतुर्थी होती. त्याच दुपारी साउथ बेंडमध्ये नोटर डेम विरुद्ध नॉर्दर्न इलिनॉय अशी मॅच होती आणि तिचं स्टुडंट तिकीट माझ्या फोनमध्ये होतं. मी गणपतीला गेलो. यात भक्तीचा वाटा थोडा, मोदकांचा जरा जास्त आणि सगळ्यात मोठा वाटा या खात्रीचा, की ही मॅच काही बघण्यासारखी नाही.

ही खात्री माझी एकट्याची नव्हती. त्या आठवड्यात अख्ख्या गावाला ती होती. ती कशी तयार झाली हे मी रोज बघत होतो, आणि थोडीफार मीही तयार करत होतो.

आधी गावाबद्दल. साउथ बेंड हे इंडियाना राज्यातलं लाखभर वस्तीचं शहर. त्याला लागून नोटर डेम विद्यापीठ. (पॅरिसचं ते नोत्र दाम, इथलं नोटर डेम. पहिल्याच आठवड्यात मी फ्रेंच उच्चार करून हसं करून घेतलंय.) स्टेडियममध्ये ७७,६२२ माणसं बसतात. म्हणजे मॅचच्या शनिवारी स्टेडियम हेच एक शहर असतं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला पेठाच्या पेठा लोटतात हे बघत मोठा झालो, त्यामुळे वेडाचं मला नवल नव्हतं. नवल होतं ते खेळाचं. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबुळका आणि बहुतेक वेळ हातात. तो धरून समोरच्या टोकाच्या पट्ट्यात घुसलं की टचडाउन, सहा गुण. त्यावर जादा किकचा एक. तिथवर पोचता आलं नाही तर दोन खांबांमधून लाथेनं मारायचा, तीन गुण. बाकीचे नियम मला दुसऱ्या वर्षी कळले.

महत्त्वाची गोष्ट वेगळी. कॉलेजच्या टीमला नियमित सीझनमध्ये साधारण १२ मॅचेस मिळतात, आठवड्याला एक, बहुतेक शनिवारी. क्रिकेटसारखं आज हरलो, परवा बघू असं नाही. शनिवारी तीन-साडेतीन तास खेळ आणि मग पुढचे सहा दिवस फक्त हिशोब. झालेल्या मॅचचा आणि येणाऱ्या मॅचचा.

मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहायचो ते आजोबा पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली सीझनचं वेळापत्रक लावलेलं असायचं. मॅच झाली की त्यापुढे निकाल लिहायचा, ही रीत. आजोबांची रीत अशी, की ऑगस्टमध्येच सगळे निकाल पेन्सिलीनं लिहून टाकायचे. त्या वर्षी टेक्सास ए अँड एमपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. आणि नॉर्दर्न इलिनॉयपुढे पेनानं ‘जिंकलो’.

३१ ऑगस्टला ते प्रश्नचिन्ह पुसलं गेलं. टेक्सासमधल्या काइल फील्डवर, लाखाहून जास्त लोक विरोधात ओरडत असताना नोटर डेमनं ती मॅच २३–१३ जिंकली. शेवटची दोन मिनिटं उरेपर्यंत १३–१३ होतं. मग जेरेमाया लव्ह नावाचा पोरगा २१ यार्ड पळत आत घुसला. आजोबांनी इतक्या जोरात टेबलावर हात मारला की आजीनं आतून विचारलं, काय फुटलं?

आता हा विजय कसा तोलायचा? पुढचे सहा दिवस तेच चाललं. न्हाव्याकडे, चर्चबाहेर, माझ्या लॅबमध्ये, किराणाच्या रांगेत. बचाव भक्कम आहे, हे सगळ्यांना मान्य. पुढची फळी नवशिकी होती, तरी एवढ्या गोंगाटात टिकली, हेही मान्य. सातव्या क्रमांकावरून टीम पाचव्यावर गेली. १२ टीम्सची प्लेऑफ त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू होणार होती. नोटर डेम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये खेळत नाही, त्यामुळे कॉन्फरन्सची ट्रॉफी जिंकून मागच्या दारानं आत शिरायची सोय नाही. सगळी भिस्त या १२ मॅचेसवर. आणि त्यातली सगळ्यात अवघड तर होऊन गेली! आजोबा म्हणाले, “१९८८ साली आपण चॅम्पियन झालो तेव्हा मी पस्तिशीचा होतो, पोरा. एकदा परत बघायचंय.” ते जानेवारीत पोचले होते.

एक आकडा मात्र समोर असून कोणी उचलला नाही. टेक्सासच्या मॅचमध्ये नोटर डेमची दोन्ही टचडाउन पळून झालेली होती. नवा क्वार्टरबॅक रायली लेनर्ड, त्याच्या पासवर एकही नाही. चेंडू हवेतून पुढे नेता येत नसेल तर समोरचा संघ सगळी माणसं पळणाऱ्यांवर सोडणार, हे कुणालाही कळेल. पण जिंकलेल्या मॅचमधली खोट शोधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वरणात मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. आजी तेवढी एकदा म्हणाली, “मार्शल आठवतंय ना?” २०२२ साली, कोच मार्कस फ्रीमनच्या पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये, मार्शल नावाच्या छोट्या विद्यापीठानं इथंच येऊन २६–२१ हरवलं होतं. आजोबा म्हणाले, “तेव्हा फ्रीमन नवा होता.” विषय संपला.

आता पाहुणे. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ डीकॅल्बला आहे, शिकागोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांच्या मध्यात. १८९५ला शिक्षक तयार करणारी शाळा म्हणून ते स्थापन झालं. त्यासाठी जमीन देणाऱ्यांत जोसेफ ग्लिडन होता. त्यानं १८७४ला काटेरी तारेचं पेटंट घेतलं, आणि तीच तार पुढे जगभर शेतांना लागली. तुमच्या आमच्या बांधावरही आहे. माझा सांगलीचा एक मित्र तिथं एमएस करत होता. बुधवारी त्याचा फोन.

“काय भावा, आमची टीम तुमच्याकडं मार खायला येतीय.”

“किती घेतले मार खायचे?”

“चौदा लाख.”

“रुपये?”

“डॉलर, भावा.”

मला थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. १४ लाख डॉलर्स, म्हणजे ११ कोटी रुपयांहून अधिक, नोटर डेमनं नॉर्दर्न इलिनॉयला एका मॅचसाठी द्यायचे ठरवले होते. अमेरिकेत हा राजरोस व्यवहार आहे. मोठ्या विद्यापीठाला आपल्या मैदानावर जास्तीत जास्त मॅचेस हव्या असतात. तिकिटं, पार्किंग, टीव्ही, सगळं त्यावर चालतं. छोट्या विद्यापीठाला पोहणं, कुस्ती, टेनिस अशा कमाई नसलेल्या खेळांचा खर्च भागवायला रोकड हवी असते. मग करार होतो. आमच्याकडं कुस्तीच्या मैदानाला बाहेरचा पैलवान बोलावतात, त्याला बिदागी देतात, तसंच. फरक इतकाच की आमच्याकडं जोड लावताना दोघं तोलामोलाचे आहेत का हे बघतात. जोड चुकली तर लोक आयोजकाला शिव्या देतात. इथं जोड चुकलेली असावी यासाठीच पैसे मोजलेले असतात.

सट्ट्यावाल्यांच्या हिशोबात फरक २८ गुणांहून जास्त होता. कच्चं लिंबूच.

या लिंबाचा इतिहास मी नंतर वाचला. २००३ला अलाबामाच्या मैदानावर जाऊन यांनी अलाबामाला १९–१६ हरवलं होतं. २०१३च्या जानेवारीत ऑरेंज बोलपर्यंत पोचले होते. आदल्याच वर्षी बॉस्टन कॉलेजला त्यांच्या घरी जाऊन मात दिली होती. कोच थॉमस हॅमक हा याच विद्यापीठाचा माजी खेळाडू. हृदयाच्या आजारामुळं त्याचं खेळणं सुटलं. पुढं तो बाल्टिमोर रेव्हन्ससारख्या व्यावसायिक टीममध्ये कोच होता, तिथली नोकरी सोडून २०१९ला डीकॅल्बला परत आला. आणखी एक गोष्ट वेळापत्रकात उघड दिसत होती: नोटर डेमच्या मॅचनंतरच्या शनिवारी नॉर्दर्न इलिनॉयला सुट्टी होती. नोटर डेमसाठी ७ सप्टेंबर हा टेक्सास आणि परड्यू यांच्या मधला शनिवार. त्यांच्यासाठी तो एकच शनिवार.

तर तिकीट मी लॅबमधल्या तेलुगू मित्राला दिलं आणि एका सीनियरच्या गाडीतून नेपरव्हिलला ओळखीच्या काकांकडं गेलो. शिकागोजवळचं हे उपनगर म्हणजे आपल्या लोकांचं गावच. सांगलीचा मित्रही डीकॅल्बहून आला होता. आरती झाली, जेवणं झाली, आणि अडीचला (इथं घड्याळ साउथ बेंडच्या एक तास मागं) तळघरातल्या टीव्हीवर काकांच्या मुलानं मॅच लावली. मी पहिला अर्धा तास तर नीट बघितलीच नाही. नोटर डेमनं पहिलं टचडाउन केलं तेव्हा मी सोफ्यावर मोदकाची ताटली घेऊन मित्राला म्हणालो, “झालं सुरू.”

मग अँटारिओ ब्राउननं एक छोटा पास घेतला आणि तो ८३ यार्ड पळाला. मधे कोणी नव्हतंच. ७–७. मित्र उभा राहिला. मध्यंतराला नॉर्दर्न इलिनॉय पुढे होतं आणि मी ताटली खाली ठेवली होती.

तिसऱ्या भागात लव्हनं ३४ यार्डांवरून टचडाउन काढलं, १४–१३. मला वाटलं, आता जमलं. एवढाच धक्का होता. पण वर सांगितलेला तो आकडा तिथंच होता. पास जात नव्हता. शेवटच्या भागात, पुढं असताना, लेनर्डनं लांब फेकलेला चेंडू थेट विरोधकाच्या हातात गेला. तिथून नॉर्दर्न इलिनॉयनं घाई केली नाही. चार-पाच यार्ड, थांबा. पुन्हा चार-पाच यार्ड, थांबा. घड्याळ खात खात ते पुढं सरकले. ३१ सेकंद उरली असताना कॅनन वुडबरीनं ३५ यार्डांवरून किक मारली. १६–१४. नोटर डेमचा ६२ यार्डांवरून शेवटचा प्रयत्न हवेतच अडवला गेला.

हॅमकला मैदानावर टीव्हीवालीनं गाठलं तेव्हा त्याला बोलता येईना. तो रडत होता. सांगलीचा मित्रही रडत होता, आणि त्यानं आयुष्यात या खेळाची एकही मॅच स्टेडियममध्ये बघितलेली नव्हती. त्यांच्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या कोणत्याही टीमनं क्रमवारीतल्या पहिल्या पाचांपैकी एकीला हरवण्याची ही पहिलीच वेळ. लॅबमधल्या मित्रानं स्टेडियममधला व्हिडिओ पाठवला. सत्तर हजारांवर माणसं, आणि ऐकू येतोय तो एका कोपऱ्यातल्या पाहुण्यांचा आवाज.

रात्री घरी आलो तर फ्रिजवर नॉर्दर्न इलिनॉयपुढचं ते पेनानं लिहिलेलं तसंच होतं. पेन्सिलीचं असतं तर पुसता आलं असतं.

डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपल्यावर मी या विद्यापीठाच्या जुन्या सीझन्सबद्दल वाचत बसलो होतो आणि १९२६पाशी थबकलो. त्या वर्षी न्यूट रॉक्नी कोच होता. इथं रॉक्नीचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात. त्याच्या टीमनं पहिल्या आठही मॅचेस जिंकल्या होत्या आणि आठ मॅचेसमध्ये मिळून विरोधकांना फक्त ७ गुण दिले होते. सात! आर्मीला हरवून झालं होतं, नुकतंच ड्रेकला २१–० धुतलं होतं. ४ डिसेंबरला लॉस एंजेलिसला सदर्न कॅलिफोर्नियाशी पहिलीवहिली मॅच होती, आणि सगळं लक्ष तिकडं. मधे एक शनिवार, २७ नोव्हेंबर. पिट्सबर्गला कार्नेगी टेक. इंजिनीअरिंगची पोरं, त्या सीझनमध्ये दोन मॅचेस हरलेली.

त्या दिवशी शिकागोच्या सोल्जर फील्डवर आर्मी विरुद्ध नेव्ही होती, लाखभर प्रेक्षकांसमोर. आर्मी ही नोटर डेमची दरवर्षीची प्रतिस्पर्धी, नेव्हीशी पुढच्या वर्षीपासून मॅचेस सुरू व्हायच्या होत्या. रॉक्नीनं टीम हंक अँडरसन या सहायकाच्या ताब्यात दिली आणि तो शिकागोला मॅच बघायला गेला. गंमत म्हणजे कार्नेगीचा कोच वॉल्टर स्टेफन हा शिकागोचा. तिथं तो न्यायाधीश होता, कोचिंग हा जोडधंदा. तो मात्र पिट्सबर्गला हजर होता.

कार्नेगी टेक १९, नोटर डेम ०.

मी ते वाचून लायब्ररीत एकटाच हसलो. रॉक्नीही शिकागोला आणि मीही शिकागोला. त्याला निदान आर्मी-नेव्ही बघायची होती. मी मोदकांसाठी गेलो होतो. पण आमचा दोघांचा हिशोब एकच होता: झालेला विजय मोठा, येणारी मोठी मॅच त्याच्याहून मोठी, मधल्या शनिवारची किंमत शून्य.

पुढच्याच आठवड्यात रॉक्नीच्या टीमनं लॉस एंजेलिसला १३–१२ अशी बाजी मारली. म्हणजे ज्या मॅचची धास्ती होती ती जिंकली. सीझन ९–१. तेव्हा प्लेऑफ नावाची गोष्ट नव्हती. देशातली सर्वोत्तम टीम कोण हे जाणकार आपापल्या पद्धतीनं ठरवायचे. त्या वर्षीचा मान स्टॅनफर्ड आणि अलाबामाकडं गेला. आठ मॅचेसमध्ये ७ गुण देणाऱ्या टीमची वाट पिट्सबर्गच्या एका दुपारनं बंद केली.

इथं २०२४ वेगळं निघतं, आणि मला यातली खरी गोष्ट हीच वाटते. नॉर्दर्न इलिनॉयकडून हरल्यावर टीम पाचव्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरली. पुढच्या शनिवारी तिनं परड्यूला ६६–७ तुडवलं, आणि मग ती हरलीच नाही. नियमित सीझन ११–१. प्लेऑफला १२ जागा असल्यामुळे तिला जागा मिळाली. चारच जागांचा जुना नियम असता तर ही हार पोटात घालून तिला आत घेतलं असतं, असं मला नाही वाटत. इंडियाना, मग जॉर्जिया, मग पेन स्टेट. सलग तेरा विजय. २० जानेवारी २०२५ला अटलांटात अंतिम सामना. ओहायो स्टेटनं तो ३४–२३ जिंकला. आजोबांचं १९८८ तिथंच राहिलं. मॅच संपल्यावर ते बराच वेळ टीव्ही बंद न करता बसले होते. मग म्हणाले, “नॉर्दर्न इलिनॉयनं हरवलं नसतं तर ही पोरं इतकी पेटली असती का?” मला उत्तर सुचलं नाही. आजी म्हणाली, “हे सप्टेंबरमध्ये म्हणाला असतास तर मी टीव्ही फोडला असता.”

हरणाऱ्यांसाठी हारेची किंमत अशी काळाप्रमाणं बदलते. जिंकणाऱ्यांकडं ती बदलताना दिसत नाही. २००७ला ॲपलाशियन स्टेटनं पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्या एक लाख नऊ हजार प्रेक्षकांसमोर ३४–३२ हरवलं. बिदागी होती चार लाख डॉलर्स. त्यांच्या गावातल्या पोरांनी स्वतःच्या रिकाम्या स्टेडियममधले गोलपोस्ट उपटले आणि कुलगुरूंच्या अंगणात नेऊन ठेवले. १९२१ला केंटकीतल्या सेंटर कॉलेजनं हार्वर्डला ६–० हरवलं; तिथं एखाद्या रासायनिक सूत्रासारखं ‘सी-सिक्स एच-झिरो’ असं कॉलेजच्या भिंतीवर रंगवलंय, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी ते आहे.

डीकॅल्बलाही तसंच काहीतरी होणार, असं सप्टेंबरच्या त्या आठवड्यात वाटत होतं. नॉर्दर्न इलिनॉय देशाच्या पहिल्या पंचवीसांत आलं. मित्रानं टीमचा शर्ट घेतला, टोपी घेतली, आणि पहिल्यांदाच मॅचचं तिकीट काढलं. २१ सप्टेंबर, घरच्या मैदानावर बफेलोशी. नोटर डेम हरलं त्याच शनिवारी या बफेलोला मिझुरीनं ३८–० असं लोळवलं होतं. मी गुरुवारी त्याला फोन केला.

“काय म्हणतीय तुमची टीम?”

“बफेलो काय रे, सोपं आहे. मी पुढचं बघतोय. कॉन्फरन्सची फायनल डेट्रॉइटला असते. बसनं जायचं का?”

मी काहीतरी बोलणार होतो. बोललो नाही.

शनिवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. बफेलो २३, नॉर्दर्न इलिनॉय २०, जादा वेळेत. खाली फक्त एवढंच: “भावा, तू येणार होतास ना डेट्रॉइटला. राहू दे.”